हवालदार, सरकारी वकील, अपक्ष

कुणी त्यांना ‘मेजर’ म्हटलं की ते थांबत आणि दुरुस्ती करत. ‘मेजर नाही. हवालदार.’ समोरच्याला वाटे, माणूस विनयानं बोलतोय. तो आणखी आग्रहानं ‘मेजरसाहेब’ म्हणे. ते पुन्हा थांबत. ‘मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. मेजर वेगळा. तो मला हुकूम द्यायचा.’ जालन्याच्या कोर्टाच्या आवारात हा संवाद नेहमी ऐकू येई. नवे वकील मुद्दाम ‘मेजर’ म्हणून त्यांना थांबवत आणि चहाच्या टपरीवर हसत. त्यांच्या ते लक्षात येत नसे असं नाही. पण चुकीची नोंद तशीच सोडून पुढं जाणं त्यांना जमत नव्हतं.

पुढं ते विधानसभेला उभे राहिले तेव्हा विरोधकांनी हाच शब्द उचलला. गावोगाव सांगितलं, उमेदवार पोलिसातला हवालदार होता, हप्ते घ्यायचा. मग त्यांच्या प्रत्येक सभेची सुरुवात खुलाशानं होऊ लागली. ‘पोलिसातला नाही, पलटणीतला. हप्त्याचा आरोप खोटा आहे. ज्यांनी केला त्यांनी पुरावा द्यावा. दिल्यास मी अर्ज मागं घेईन.’ अर्ज मागं घ्यायची मुदत केव्हाच संपली होती. तेही ते लगेच सांगत.

त्या वेळी मी जालन्यात एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या लिहीत होतो. निवडणूक आली तशी मला त्यांच्या मतदारसंघात पाठवलं गेलं. पुढं जे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक मी पाहिलेलं आहे. जे ऐकलेलं आहे, ते तसं म्हटलं आहे.

ते मूळचे पिंपळगाव रेणुकाईकडचे. बौद्ध कुटुंब, वडील प्राथमिक शिक्षक. ते पलटणीत भरती झाले, तिथं असतानाच पदवी घेतली, परत आल्यावर वकिलीची परीक्षा दिली आणि सरकारी वकील झाले. जालन्याच्या मस्तगडात एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत नवरा-बायको राहत. सकाळी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत. दुकानात येणारी गिऱ्हाइकं वळसा घालून आत जात. बायकोनं एकदा बुटांना हात लावला तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुमचे असतील तर तुम्ही करा.’ हे त्यांच्या बायकोनंच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या.

त्यांची उलटतपासणी कोर्टापुरती नव्हती. भाजी घ्यायला गेले तरी ती चाले.

‘मेथी आजची आहे?’

‘आजचीच, साहेब.’

‘शेतातून निघताना तू पाहिली, की तुला कुणी सांगितलं?’

‘आता मेथीची बी साक्ष काढता का?’

‘पाहिली का?’

‘न्हाई. मालकानं आणली.’

‘मग मालक म्हणतात आजची आहे, असं म्हण.’

‘बरं बाबा. मालक म्हणतेत. घेता का ठेवू?’

ते घेत. ते पाठमोरे झाले की ती बाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडे, ‘मेथी घ्या मेथी, मालक म्हणतेत आजची!’

कोर्टात मात्र त्यांच्या या सवयीला कुणी हसत नसे. साक्षीदार फितूर होणं ही तिथली रोजची गोष्ट. पोलिसांपुढं एक सांगितलेलं असतं, कोर्टात उभं राहिल्यावर साक्षीदार म्हणतो, मी काही पाहिलं नाही. दुसरे सरकारी वकील अशा साक्षीदारावर चिडत, बाहेर आल्यावर त्याला शिव्या देत. हे त्याला काहीच बोलत नसत. काम संपलं की आवारातल्या लिंबाखाली त्याच्या शेजारी जाऊन बसत आणि एकच प्रश्न विचारत, ‘घरी कसा जाणार?’ साक्षीदाराला वाटे, गाडीची सोय विचारताहेत. तो सांगे, बसनं. मग थोड्या वेळानं त्याला प्रश्न कळे आणि तो मान खाली घाली. ‘गावात राहायचंय, साहेब,’ असं म्हणे. हे वाक्य त्यांनी नोकरीभर ऐकलं.

ज्या खटल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला तो आष्टीच्या पुढच्या एका गावातला होता. गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती आहे. वस्तीची मसणवाट ओढ्यापलीकडं. तिथं जायची गाडीवाट माजी सरपंचाच्या शेताच्या बांधावरून जाते. ती वाट वस्तीच्या आजोबा-पणजोबांपासूनची आहे, पण कागदावर तिची नोंद नाही. माजी सरपंचाच्या मनात आलं की ती उघडी असे, मनातून उतरली की तिच्यावर बाभळीच्या काट्या पडत. अशाच काट्या बाजूला करून बैलगाडी नेली म्हणून वस्तीतल्या एका माणसाला मारहाण झाली. हात मोडला. आरोपी माजी सरपंचाची माणसं. पाहणारे पुष्कळ होते. कोर्टात ते एकेक करून फितूर झाले. टिकली ती एकटी कौसाबाई, मार खाल्लेल्या माणसाची भावजय. आरोपीच्या वकिलानं तिला फिरवून फिरवून विचारलं. ती म्हणाली, ‘तुमी कितीबी बार इचारा, काठी त्येच्याच हातात व्हती.’ एकटीच्या साक्षीवर भागलं नाही. आरोपी सुटले. कोर्टाबाहेर हार घालून त्यांची मिरवणूक निघाली. हवालदार ते पाहत उभे होते.

राजीनाम्याचं कारण त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. ‘साक्षीदार कोर्टातून घरी जातो. कोर्टापासून घरापर्यंतचा कायदा नाही, तो करायचाय.’ कायदा जिथं करतात तिथं जायचं म्हणून विधानसभा. एवढा सरळ हिशेब.

मतदारसंघ राखीव नव्हता. तरी ते उभे राहिले, हा पुष्कळांच्या लेखी त्यांचा पहिला गुन्हा. जिल्ह्यातल्या एकाही दैनिकानं, आमच्याही, ते काय म्हणतात हे आधी छापलं नाही. आधी छापलं ते हे, की त्यांच्यामुळं कुणाची मतं फुटणार. सीमेवर राहिलेला, कायदा शिकलेला, नोकरी सोडून आलेला माणूस. त्याच्या नावापुढं आम्ही एकच शब्द लिहिला, ‘मतविभाजन’. विरोधी उमेदवार बी-बियाणांच्या दुकानाचे मालक होते, त्यांना आम्ही ‘विकासाचा चेहरा’ म्हणत होतो. हे शब्द कुणी ठरवले होते असंही नाही. ते आपोआप लिहिले जात होते, आणि त्यातच सगळं आलं.

चिन्ह मिळालं कपबशी. आणि उमेदवार चहा पाजायला तयार नाही. मतदाराला चहा देणं हे प्रलोभन ठरू शकतं, असं त्यांचं म्हणणं. परतूरचा उत्तम म्हणून एक गडी होता, त्याची जुनी जीप प्रचाराला होती. ड्रायव्हर तोच, घोषणा देणारा तोच, रुसणाराही तोच. आष्टीकडच्या एका गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं,

‘चिन्ह कपबशी अन् चहा न्हाई. हे कसं व्हतं बॉ?’

‘नियमात बसत नाही, बाबा.’

‘समोरचा तर जेवणं घालू राह्यला.’

‘तुम्ही जेवलात?’

‘जेवलो की. मटण व्हतं.’

‘तसं लेखी द्याल? साक्षीला याल?’

म्हातारा उठलाच. ‘मला म्हशी पाजायच्यात,’ म्हणत निघून गेला. जीपमध्ये बसल्यावर उत्तम माझ्याकडं वळून म्हणाला, ‘बघा. मत मागायला गेल्तो, साहेबानं समन्स काढलं.’

उत्तमचं आणि त्यांचं भांडण रोजचं.

‘साहेब, त्यानं रस्त्याचं डांबर खाल्लं, हे बोला आज.’

‘तू पाहिलंस?’

‘अख्खा तालुका म्हणू राह्यला.’

‘तालुक्याला साक्षीला उभं करता येत नाही.’

‘मंग बोलायचं तरी काय आपुन?’

‘रस्ता वाईट आहे, एवढं. ते मी पाहिलंय.’

आणि सभेत ते खरंच एवढंच बोलत. लोक वाट पाहत राहत, की आता काही तिखट येईल. ते येत नसे. सभेच्या परवानगीची वेळ संपली की वाक्य अर्धं ठेवून माईक बंद करत. एका गावात हौशी पोरांनी जेसीबी आणला होता; बकेटमधून उमेदवारावर फुलं उधळायची आता सगळीकडं पद्धत आहे. ते खाली उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, ‘उतरवा. बकेटखाली माणसानं उभं राहू नये.’ पोरं हिरमुसली. विरोधी उमेदवाराच्या मिरवणुकीला असे जेसीबी ओळीनं उभे असत आणि झेंडूचा सडा पडे.

एवढं सगळं असूनही गर्दी वाढत गेली. माणूस विचित्र आहे पण खोटं बोलत नाही, अशी बोली पसरली. ते निवडून येणार नव्हते, हे त्यांनाही माहीत असावं. पण ते किती मतं घेतील याची काळजी काही लोकांना वाटू लागली होती, हे नक्की. त्या काळजीतून माजी सरपंच वस्तीत आले, आणि कौसाबाईच्या दारात उभे राहून बोलले.

त्यानंतर आष्टीच्या आठवडी बाजारात हवालदारांची सभा झाली. वस्तीतली माणसं बाजाराला आलेली होती. त्यांनी कौसाबाईला गर्दीत पाहिलं आणि मंचावर बोलावलं. तिला माईकसमोर उभं केलं, स्वतः एका बाजूला सरकले, आणि कोर्टात विचारत तसं विचारू लागले.

‘नाव?’

‘तुमाला ठावं हाय की.’

‘लोकांना सांगा.’

‘कौसाबाई.’

‘मसणवाटेला जायची वाट बंद करीन, असं तुम्हाला कुणी म्हटलं?’

तिनं माजी सरपंचाचं नाव घेतलं.

‘तुमच्या समोर म्हणाले, की कुणाकडून कळलं?’

‘माझ्या दारात, माझ्या तोंडावर म्हणले. कपबशीला मतं गेली तर तुमचं मढं डोक्यावर घिऊन हिंडा, असं म्हणले.’

टाळ्या वाजल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या. साक्ष चालू असताना टाळ्या वाजवायच्या नसतात, असं लोकांना सांगितलं. मग तिच्याकडं वळून विचारलं, ‘आणखी काही?’

‘माझी सासू खाटल्यावर हाय. लई दिवस न्हाई काढायची. तिला सासऱ्याच्या शेजारी जायचंय, दुसरं काई मागत न्हाई ती. वाट ऱ्हाऊ द्या म्हणावं.’

ते समाधानानं खाली उतरले. उत्तमनं पहिल्यांदा त्यांच्या भाषणाची तारीफ केली. त्यांचा समज असा, की चारचौघांत, दिवसाउजेडी, नाव घेऊन सांगितलेली गोष्ट दाबता येत नाही. सांगणाऱ्याला त्या उघडपणाचंच संरक्षण मिळतं. कोर्टात हे काही अंशी खरं असतं. तिथं वर न्यायाधीश बसलेला असतो, दाराशी शिपाई असतो, बोललेलं नोंदलं जातं. बाजारात यातलं काही नव्हतं. बाजारात मोबाइल होते. कौसाबाई घरी पोचायच्या आधी तिचं बोलणं तिच्या गावात पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरची वाट जिथं सुरू होते तिथं चर खणलेला होता. आडवा, माणूस उतरेल एवढा खोल. खणणारा जेसीबी अजून शेतात उभा होता. मी तो जवळून पाहिला. बकेटच्या दातांत ओल्या मातीबरोबर झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या होत्या.

यानंतर जे झालं ते क्रमानं लिहितो, कारण त्यात कुणीही बेकायदा वागलं नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, वाटेचा वाद महसूलचा, तहसीलला जा. तहसीलमध्ये सांगितलं, आचारसंहिता आहे, निवडणूक होऊ द्या. निवडणुकीच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, आपल्या शेतात चर खणणं हा निवडणुकीचा गुन्हा नाही. माजी सरपंचानं सांगितलं, पावसाचं पाणी शेतात घुसतं म्हणून चर खणला. पाऊस संपून पिकं काढणीला आली होती. मी बातमी पाठवली. छापून आली ती आतल्या पानावर, ‘शेतरस्त्यावरून वाद’ अशा मथळ्याखाली, धमकी वगळून. प्रत्येकानं आपापल्या टेबलापुरतं बरोबर केलं होतं आणि एका म्हातारीच्या मरणाची वाट बंद झाली होती.

हवालदार आले, चर पाहिला, पॉलिश केलेल्या बुटांसकट त्यात उतरले, पलीकडं चढता येतं का पाहिलं. एकट्या माणसाला येत होतं. खांद्यावर तिरडी घेतलेल्या चौघांना येणार नव्हतं. वर येऊन कौसाबाईला म्हणाले, ‘चूक माझी आहे.’

‘मीच बोलले ना. तुमी थोडंच माझं तोंड उघडलं?’

‘मी विचारलं. कोर्टात विचारायचं ते बाजारात विचारलं.’

त्या दिवशी त्यांनी पुढच्या सगळ्या सभा रद्द केल्या. उत्तम चिडून जीपच्या टपावर जाऊन बसला होता.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर ते त्याच वस्तीत आले. मोठ्या गावात मिरवणूक काढायची सोडून इथं का, हे उत्तमलाही सांगितलं नव्हतं. विहारासमोर माणसं जमली. कुणीतरी घोषणा दिली. त्यांनी ती थांबवली आणि म्हणाले, ‘या बूथवर मला मत देऊ नका.’

लोकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि कारणही सांगितलं. मत गुप्त असतं ते माणसाचं. मोजणी होते यंत्रागणिक. कोणत्या यंत्रातून कुणाला किती मिळाली, ते टेबलासमोर बसलेले सगळ्या पक्षांचे लोक लिहून घेतात. या गावात दोन बूथ आहेत आणि दुसऱ्या बूथवर फक्त या वस्तीची नावं आहेत. म्हणजे वस्तीचं मत मोजणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार. ‘आजी खाटल्यावर आहेत,’ ते म्हणाले. ‘माझ्या मतांपेक्षा त्यांची वाट मोठी आहे. निकालात वस्ती माझ्याबरोबर दिसता कामा नये.’

पहिली बोलली ती कौसाबाई.

‘म्हंजे आमाला फितूर व्हा म्हणू राह्यले तुमी.’

‘हो.’

‘कोर्टात काय म्हणले व्हते मला? भिऊ नका, खरं बोला. मी बोलले का न्हाई? माझ्या बराबरचे समदे फिरले, मी फिरले का?’

‘नाही फिरलात.’

‘मंग आता काहून?’

‘कोर्टात माझ्या पाठीमागं सरकार होतं, कौसाबाई. इथं माझ्या पाठीमागं उत्तमची जीप आहे.’

‘अन् तीबी धक्का दिल्याबिगर चालत न्हाई,’ उत्तम मागून म्हणाला. लोक हसले. एक म्हातारा मात्र हसला नाही. तो तावातावानं पुढं आला. ‘बाबासाहेबानं मत दिलं ते आमी असं वाटंसाठी गहाण ठिवायचं का? बोला की. वकील हाय ना तुमी?’

ते दोन्ही हात मागं बांधून, पलटणीत उभे राहतात तसे पाय अंतरावर ठेवून, त्या म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. म्हातारा बोलत राहिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी घड्याळ पाहिलं. प्रचाराची वेळ संपली होती. त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत, ‘येतो’ असंही नाही. जीप खरोखरच ढकलावी लागली. ज्यांना मत देऊ नका म्हणून सांगितलं होतं त्यांनीच ती ढकलली.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. तिथं काय बोललं गेलं ते मला माहीत नाही.

निकाल अपेक्षेप्रमाणं लागला. बी-बियाणांचे मालक निवडून आले. हवालदारांची अनामत गेली. वस्तीच्या बूथचं यंत्र उघडलं तेव्हा जवळजवळ सगळी मतं विजयी उमेदवाराला होती. कपबशीला एक मत होतं.

लगेच चर बुजवला गेला. ज्या यंत्रानं खणला त्यानंच. नव्या आमदारांच्या कार्यकर्त्यांनी माजी सरपंचाचा शाल घालून सत्कार केला. वस्तीतल्या चार माणसांना शेजारी उभं करून फोटो काढला आणि तो जिल्ह्यातल्या दैनिकांत आला, ‘माणुसकीचं दर्शन’ अशा ओळीखाली. धमकी देऊन बंद केलेली वाट मतं घेऊन उघडली, हा व्यवहार. त्याला आम्ही सगळ्यांनी माणुसकी म्हटलं. फोटोतली चार माणसं कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती.

पण ते एक मत गावात टोचत राहिलं. कुणाचं ते? पिठाच्या गिरणीत विचारलं जाई, रेशनच्या रांगेत विचारलं जाई, हसत हसत. ‘तुमच्यातला एक शहाणा कोण हो?’ वस्तीतल्या एका बाईला शेतावर कामाला नेणं थांबवलं, संशय तिच्यावर म्हणून. मग दुसऱ्या एकाला. उरलेल्या सगळ्यांनी पुरेपूर किंमत मोजून दिली होती, तरी त्या एका मतासाठी सगळी वस्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

हवालदार तोवर काळा कोट घालून खासगी वकिली करू लागले होते. वाटेची नोंद व्हावी म्हणून त्यांनी तहसीलमध्ये वस्तीच्या वतीनं दावा लावला. त्या एका मताबद्दल मी त्यांना विचारलं, तेव्हा ते माझ्यावर रागावले. नेमक्या शब्दांत रागावले. ‘हे विचारणं गुन्हा आहे. तुम्ही विचारताय तेही आणि ते विचारताहेत तेही. मतदानाच्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा का लावतात? माणसानं निदान तेवढ्या जागेत गावाबाहेर असावं म्हणून.’

कौसाबाईची सासू हिवाळा सरताना गेली. मला उत्तमचा फोन आला. मी पोचलो तेव्हा हवालदार आधीच आलेले होते. पांढरा सदरा, डोक्याला काही नाही. वस्तीतली बायामाणसं सगळी निघाली होती. पुढं वंदना म्हणणारे, मागं तिरडी. बांधाच्या तोंडाशी, जिथं चर होता, तिथं माजी सरपंच आपल्या दोन-तीन माणसांना घेऊन उभे होते. त्यांनी टोपी काढून हात जोडले. रीत पाळली. मग बाजूला होण्याऐवजी ते तिथंच उभे राहिले आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

‘म्हातारी चांगली व्हती. वाट तुमचीच हाय, कवाबी या-जा. आमच्या मनात काई न्हाई. पण आता मयतीसमोर खोटं बोलू नये, म्हणून इचारतो. त्ये एक मत कुणाचं व्हतं?’

तिरडी खांद्यावर होती. कुणाला पुढं जाता येत नव्हतं. हवालदार दोन पावलं पुढं आले. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत कौसाबाई म्हणाली,

‘माझं.’

‘तुझंच असणार. वाटलंच मला.’

‘तिचं काहून?’ पुढं तिरडीला खांदा दिलेला म्हातारा, जो विहारासमोर भांडला होता, तो मान न वळवता म्हणाला. ‘तिला तर मीच आडवलं व्हतं. माझं मत हाय त्ये.’

‘तुमाला बटन तरी दिसतं का, दादा?’ मागं खांदा दिलेला कौसाबाईचा दीर म्हणाला. त्याचा तो मोडलेला हात अजून सरळ होत नव्हता. तिरडी त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतली होती. ‘माझं व्हतं. लिवून घ्या.’

मग ज्या बाईला शेतावर नेणं बंद केलं होतं ती म्हणाली, माझं. तिच्या शेजारची म्हणाली, तिचं न्हाई, माझं. मागून आणखी कुणी म्हणालं. काहीजण रडत होते आणि रडता रडता आपलं सांगत होते. वंदना थांबली होती. माजी सरपंचानं एकाकडून दुसऱ्याकडं पाहिलं. त्यांच्या माणसांपैकी एकजण हसला आणि गप्प झाला.

‘अरे, एक मत अन् एवढे मालक?’ माजी सरपंच म्हणाले. ‘असं कसं व्हईल?’

‘मंग मोजायला चुकलं असंल,’ कौसाबाई म्हणाली. ‘पुना मोजायला लावा. व्हा बाजूला.’

ते बाजूला झाले.